बिनपानांची वनस्पति व तिचा माळी

पुष्कळांच्या परसांत सायंकाळीं उमलणारें गुलबक्षीचें झाड असेल. त्याचीं काळीं, मिऱ्याएवढीं बीजें मुलें खेळावयास वेंचतात. जमिनींतील जाड मुळाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. चीन देशांतील कांहीं लबाड लोकांनीं त्या मुळाचा एक निराळाच उपयोग शोधून काढिला. तें उकडून, दाबून वाळविलें म्हणजे कठीण, पिंवळट असा तुकडा होतो, आणि अजाण गिऱ्हाइकाच्या हातीं तो ‘थ्येनमा’ ह्या नांवाखालीं देतां येतो. कधीं बटाटा, कधीं कर्दळीच्या जातीचा कंद, कधीं डेलियाचें मूळ ह्यांनाही हेंच सोंग दिलेलें आढळलें आहे. सोंग घ्यावयाचें तें मोठ्याचेंच. मातीमोल वस्तूची नक्कल करण्याचे श्रम कोण घेईल? थ्येनमाला इतकें मोल कां आलें, ती शेतांत कां लावतां येईना, आणि ती लावण्याची रीति सांपडावी म्हणून एका शास्त्रज्ञानें आपल्या आयुष्यांतील किती वर्षें वेंचलीं, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें असें आम्हीं योजिलें आहे.

खऱ्या मालाची ओळख आधीं सांगतों, कारण तींत त्या वनस्पतीचें अर्धें चरित्र आलें आहे. हिंवाळ्यांत खणलेल्या कंदाच्या एका टोकास तांबडा कोंब असतो. वाळल्यावर तो पोपटाच्या चोंचीसारखा दिसतो, व चिनी व्यापारी त्याला तेंच नांव देतात. दुसऱ्या टोकास, जेथें हा कंद आपल्या आईपासून तुटला तेथें, बेंबीसारखा वाटोळा वण असतो. आणि सर्वांगावर बारीक ठिपक्यांचीं वलयें असतात. गुलबक्षीच्या मुळाला चोंच कोठून येणार, आणि बेंबी तरी कोठून?

थ्येनमा ही आमरीच्या कुळांतील वनस्पति होय. आमरी म्हणजे काय हें कोंकणांतील व घाटमाथ्यावरील मुलांना समजावून सांगावयास नको; पावसाळ्याच्या तोंडीं झाडांच्या खोडांवरून लोंबणारी सीतेची वेणी ही ह्याच कुळांतली. परंतु सीतेच्या वेणीला हिरवीं पानें आहेत, हवेंत लोंबणारीं मुळें आहेत. थ्येनमाला ह्यांपैकीं कांहींच नाहीं. वर्षाचा बहुतेक काळ ती जमिनीखालीं बटाट्यासारख्या कंदाच्या रूपानें पडून असते. उन्हाळ्याच्या आरंभीं मोठ्या कंदांतून एक सरळ, तांबूस दांडा बाणासारखा वर येतो. तो हात-दीड हात उंच असतो. कधीं पुरुषभरही वाढतो. त्यावर पानांच्या जागीं नुसते खवल्यांसारखे पापुद्रे, आणि शेंड्याकडे लहान मडक्याच्या आकाराचीं पिंवळट फुलें. बीं धरून दांडा वाळला कीं त्याला जन्म देणारा कंदही पोकळ होऊन कुजतो. अंगांत हिरवा रंग कोठेंच नाहीं. अर्थात् सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करण्याची जी विद्या गवताच्या काडीलाही अवगत आहे, ती हिला येत नाहीं.

चीनच्या अतिप्राचीन औषधिग्रंथांत, ज्याचें कर्तृत्व शन्नुंग नांवाच्या पौराणिक कृषिराजाकडे देण्यांत येतें, ही वनस्पति ‘लाल बाण’ ह्या नांवानें आढळते. तिला ‘वारा शमविणारी’ असेंही एक नांव आहे. घेरी येणें, मस्तक दुखणें, झटके येणें हे विकार शरीरांतील वाऱ्याच्या क्षोभानें होतात अशी चिनी वैद्यांची समजूत. आमच्याकडील वातप्रकोपाच्या कल्पनेशीं तिचें साम्य वाचकांच्या लक्षांत येईलच. औषधाचा गुण खरोखर कितपत, हा प्रश्न वैद्य व डॉक्टर ह्यांनीं सोडवावयाचा आहे. आम्ही त्यांत पडत नाहीं. येथें एवढेंच पाहावयाचें कीं, कोट्यवधि लोकांच्या देशांत शतकानुशतकें तिला मागणी होती, आणि ती मागणी सर्वस्वीं रानांतून भागविली जात होती.

ह्या खणण्यांत एक विशेष वाईट गोष्ट होती. दांडा वर आल्यानंतर कंद पोकळ होतो, म्हणून उत्तम माल हवा असेल तर तो फुलण्यापूर्वीं, हिंवाळ्यांतच काढावा लागतो. म्हणजे जो कंद पुढील उन्हाळ्यांत हजारों बिया देणार, नेमका तोच टोपलींत जावयाचा. आंबा उतरविला तर झाड मागें राहतें. येथें फळ आणि झाड दोन्ही एकाच कुदळीच्या घावांत संपतात. विसाव्या शतकाच्या मध्यास, मागणी वाढत असतां, रानांतील माल दुर्मिळ होऊं लागला ह्यांत नवल नाहीं.

तर मग शेतांत कां लावूं नये? डोंगरी शेतकऱ्यांनीं तोही प्रयत्न केला होता. रानांतून लहान कंद आणून खतावलेल्या जमिनींत ते बटाट्यासारखे पुरले, तर कांहीं महिन्यांनीं ते सुरकुतलेले किंवा कुजलेले सांपडत. ज्याला मूळच नाहीं त्याला खताचा काय उपयोग? पंक्तींत बसविलेल्या पाहुण्याला तोंडच नसावें, तसा हा प्रकार होता.

ह्या कोड्याची पहिली गांठ जपानांत सुटली. १९११ सालीं शुन्सुके कुसानो ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, थ्येनमाचा कंद एका अळंब्यावर जगतो. त्या अळंब्याचें शास्त्रीय नांव आर्मिलेरिया. त्याची छत्री मधाच्या रंगाची असते, म्हणून इंग्रजी बोलणाऱ्या लोकांनीं त्याला मधावरून नांव दिलें आहे. स्वभाव मात्र मुळींच गोड नाहीं. मेलेल्या लांकडावर तें राहतेंच, पण जिवंत झाडांच्या मुळांत शिरून तीं झाडें मारतें, आणि पाश्चात्य देशांतील वनाधिकारी त्याला आपला शत्रु समजतात. त्याचे सूक्ष्म तंतु एकत्र वळून बुटाच्या नाडीसारख्या काळ्या दोऱ्या होतात, व ह्या दोऱ्या जमिनींतून एका झाडाच्या मुळापासून दुसऱ्याच्या मुळाकडे सरपटत जातात. अमेरिकेंतील ओरेगन संस्थानांत ह्याच जातीच्या एका भाऊबंदाचें एकच शरीर सुमारें ९ चौरस किलोमीटर भूमींत पसरलेलें आहे. ज्या लांकडांत हे तंतु जोमानें वाढतात तें लांकूड अंधाऱ्या रात्रीं मंदपणें प्रकाशतें. भीमाशंकरच्या रानांत पावसाळ्यांत चमकणारीं लांकडें कांहीं वाचकांनीं पाहिलीं असतील. तेथील प्रकाशही अळंब्याच्या तंतूंचाच, मात्र कुळ निराळें. तें मायसेना नांवाच्या अगदीं नाजूक अळंब्यांचें समजतात. हें दुसरें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, पुढें तें पुन्हां यावयाचें आहे.

आर्मिलेरियाची काळी दोरी थ्येनमाच्या कंदाला येऊन लागते ती त्याला फस्त करण्याच्या हेतूनेंच. ती साल भेदून आंत शिरते व बाहेरच्या कांहीं थरांतील पेशींत आपले तंतु पसरते. परंतु त्यांच्या आंतल्या बाजूस मोठ्या पेशींचा एक थर लागतो, आणि तेथें डाव उलटतो. ह्या पेशी आंत आलेले तंतु पचवून टाकतात. दरोडेखोरानें घर फोडून आंत यावें, आणि घरधन्यानें त्यालाच चुलीवर चढवावें, असा हा चमत्कार आहे. अळंब्यानें ओक वृक्षाच्या लांकडांतून जें अन्न मिळविलें तें अशा रीतीनें कंदाला आयतें मिळतें. मात्र कंद म्हातारा झाला, दांडा काढून थकला, म्हणजे पारडें पुन्हां फिरतें व अळंबें त्याला खाऊन टाकतें. ह्याला मैत्री म्हणावें कीं युद्ध म्हणावें, हें आम्हांला तरी ठरवितां आलें नाहीं.

कुसानो ह्यांच्या शोधानें कोडें समजलें. पण समजणें निराळें आणि पीक काढणें निराळें. येथून आमच्या लेखाच्या नायकाची हकीकत सुरू होते. श्यू जिन्तांग हे चिनी वैद्यकविज्ञान अकादमीच्या औषधिवनस्पतींच्या संशोधनांत आयुष्य घालविणारे शास्त्रज्ञ. हें काम करणाऱ्या विभागास पुढें १९८३ सालीं बीजिंग येथें स्वतंत्र संस्थेचें रूप आलें. श्यू ह्यांचें नांव आमच्याकडे कोणाला ठाऊक नाहीं, आणि त्यांच्या कामाला प्रयोगशाळेंतील झगमगीत उपकरणांची शोभाही नाहीं. त्यांच्या प्रयोगाचें साहित्य म्हणजे ओकाचीं लांकडें, पालापाचोळा, कुदळ, आणि वाट पाहण्याची तयारी. हें शेवटचें साहित्य सर्वांत महाग. गव्हाचा प्रयोग फसला तर पुढच्या वर्षीं पुन्हां करतां येतो. थ्येनमाच्या बियेपासून पुन्हां बीं मिळेपर्यंत सुमारें तीन वर्षें जातात, आणि एवढ्या काळांत जमिनीखालीं काय चाललें आहे हें पानांवरून ओळखावें तर पानेंच नाहींत! खणून पाहावें तर प्रयोग मोडतो.

१९६० नंतरच्या दशकांत त्यांनीं प्रथम कंदापासून कंद वाढविण्याची रीति बसविली. ओकाच्या जातीचीं लांकडें मनगटाएवढीं जाड घेऊन, त्यांना चिरा पाडून आर्मिलेरिया लावावयाचें, आणि अळंब्यानें पोखरलेल्या लांकडांशेजारीं थ्येनमाचे लहान कंद पुरावयाचे. ऐकावयास हें सोपें आहे. परंतु लांकडें एका खड्ड्यांत तयार करून, उचलून दुसऱ्या खड्ड्यांत कंदांजवळ नेलीं कीं त्या काळ्या दोऱ्या तुटत, आणि कंदाशीं त्यांची गांठ पुन्हां पडेपर्यंत हंगाम निघून जाई. ह्यावरचा उपाय असा कीं, खड्ड्यांत लांकडांची शेज आधीं घालावी, तेथेंच अळंबें रुजूं द्यावें, आणि मग ती शेज न हालवितां तींत कंद अलगद बसवावे. पाहुण्याच्या घरीं चूल उचलून नेण्यापेक्षां पाहुण्यालाच चुलीजवळ बोलावणें बरें. एवढ्याशा फेरफारानें पिकाचा भरंवसा वाटूं लागला, व डोंगरी जिल्ह्यांतून ही लागवड पसरूं लागली.

परंतु आनंद फार काळ टिकला नाहीं. तेच ते कंद तोडून पिढ्यानपिढ्या लावीत गेल्यास कांहीं वर्षांनीं पीक रोडावतें. कंद लहान होतात, रोगट होतात. मग शेतकरी नवें बेणें आणावयास पुन्हां रानांतच जाणार, आणि ज्या रानाला वांचवावयाचें त्यालाच पुन्हां ओरबाडणार. तेव्हां कंदांवर भागणार नव्हतें. बियांपासून रोपें काढणें भागच होतें.

मोहरीच्या दाण्याचा दृष्टांत आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलानें ऐकला आहे. थ्येनमाच्या बियेपुढें तो मोहरीचा दाणा म्हणजे धोंडा! एका बोंडांत ह्या बिया हजारोंनीं, कित्येकदां वीस-तीस हजारांच्या घरांत असतात, आणि फुंकर घातली तर धुरासारख्या उडून जातात. मोहरीच्या दाण्यांत कोंबाच्या पहिल्या न्याहारीपुरतें तरी तेल असतें. ह्या बियेंत गर्भाच्या थोड्याशा पेशी व भोंवतीं एक पातळ पापुद्रा. शिदोरी म्हणून मुळींच नाहीं. अशा बियेला जन्मतःच कोणीतरी भरविणारें हवें.

तें भरविणारें कोण? कंदाला जें अन्न देतें तेंच अळंबें बियांनाही देत असेल, असें कोणालाही वाटेल. पण बिया आर्मिलेरियावर पेरल्या तर त्या रुजत नसत. उलट त्याच्या सान्निध्यांत त्यांचें रुजणें मंदावतें असेंही दिसून आलें. ह्याच प्रश्नाच्या मागें युन्नान प्रांतांतील श्याव्त्साव्पा नांवाच्या थंड, धुकट डोंगराळ भागांत जो श्वान हे दुसरे एक चिनी वनस्पतिशास्त्रज्ञही लागले होते. त्यांनीं १९६६ पासून तेथें राहून ह्या वनस्पतीचें निरीक्षण केलें, आणि बियांपासून रोपें काढण्याच्या कामांत त्यांचाही वांटा मोठा आहे. शास्त्रांतील यश एकाच माणसाच्या नांवावर मांडण्याची जी घाई आपण करतों ती बरी नव्हे, म्हणून हें येथें नमूद केलें.

श्यू ह्यांच्या मंडळीनें बिया रानांतील गळलेल्या, अर्धवट कुजलेल्या पानांबरोबर पेरून पाहिल्या, तेव्हां त्या रुजल्या. ही रीति १९७० नंतरच्या दशकांत शेतकऱ्यांच्या हातीं पडली, आणि तिजबद्दल सरकारनें त्यांचा गौरवही केला. पण पानें नेमकें काय देत होतीं? ओलावा म्हणावा, तर तो नुसत्या मातींतही होता. खत म्हणावें, तर खतानें पूर्वीं कधीं गुण आलाच नव्हता. येथें श्यू ह्यांच्या स्वभावाची परीक्षा होते असें आम्हांस वाटतें. पीक येऊं लागलें, लोक संतुष्ट झाले, गौरवही झाला; एकाद्यानें तेथेंच काम थांबविलें असतें. त्यांनीं थांबविलें नाहीं. नुकत्याच रुजलेल्या बियांच्या अंगांतून त्यांनीं तंतु वेगळे काढिले, ते कांचेच्या पात्रांत शुद्ध स्वरूपांत वाढविले, आणि ताज्या बियांवर एकेक करून सोडून पाहिले. कांहीं तंतूंनीं बिया रुजल्या, कांहींनीं नाहीं. ज्यांनीं रुजल्या त्यांना पुढें छत्र्या येऊं दिल्या, तेव्हां त्यांची जात ओळखतां आली. तें मायसेना कुळांतील एक इवलेंसें अळंबें होतें, कुजक्या पानांवर राहणारें. १९८९ सालीं श्यू जिन्तांग व त्यांचे सहकारी ग्वो शुन्शिंग ह्यांनीं त्याचें नांव, मायसेना ऑस्मंडिकोला, प्रसिद्ध केलें.

म्हणजे ह्या एका वनस्पतीला दोन दाया लागतात. पहिली मायसेना, ती बियेला जागें करते व पहिला घांस भरविते. ती बिचारी गरीब, पानांच्या चोथ्यावर जगणारी; तिच्या दुधावर मूल मोठें होत नाहीं. दुसरी आर्मिलेरिया, ती श्रीमंत, सबंध ओंडका खाणारी, पण तान्ह्या मुलाला जवळ करीत नाहीं. बी रुजून तिचा चिमुकला गड्डा झाल्यावर जर आर्मिलेरियाची दोरी वेळेवर येऊन पोहोंचली नाहीं, तर तो गड्डा बारीक होत होत मरतो. पहिल्या दायीच्या हातून दुसरीच्या हातीं मूल देण्याची जी घटका, ती चुकली कीं सर्व व्यर्थ. रानांत ही घटका दैवयोगानें साधते, म्हणूनच निसर्गाला एकेका बोंडांत इतक्या हजारों बिया घालाव्या लागल्या असाव्या. श्यू ह्यांनीं ती घटका शेतकऱ्याच्या हातीं आणून दिली.

आतां शेतकऱ्याचें काम कसें चालतें तें पाहूं. मोठाले, तांबड्या कोंबाचे कंद निवडून ते घरांत किंवा मांडवाखालीं लावतात. फुलें उमलूं लागलीं कीं घरांतील माणसें टोंकदार काडी किंवा चिमटा घेऊन बसतात. प्रत्येक फुलाच्या परागांवर एक लहानशी टोपी असते. ती उचलून परागांचा गोळा दुसऱ्या फुलाच्या स्त्रीकेसरावर ठेवावयाचा. रानांत हें काम लहान माशा करतात; शेतांत त्यांच्यावर विसंबून चालत नाहीं. सुमारें तीन आठवड्यांत बोंडें पिकतात, आणि तीं फुटण्याच्या किंचित् आधीं तोडावीं लागतात, कारण फुटल्यावर सगळें वाऱ्यावर जातें. बिया टिकत नाहींत, ताबडतोब पेरावयाच्या. मायसेना वाढविलेलीं पानें बारीक करून त्यांवर ही धूळ शिंपडतात, तीं पानें आर्मिलेरिया लागलेल्या लांकडांवर पसरतात, आणि वर पाला व माती घालून झांकतात. त्यानंतर खत नाहीं, खुरपणी नाहीं. फक्त पाणी सांचूं नये व जमीन फार तापूं नये एवढें पाहावयाचें. सुमारें दीड-दोन वर्षांनीं खड्डा उघडला म्हणजे आंत तीन आकाराचे कंद मिळतात. तांदुळाच्या दाण्यापासून बोटाच्या पेराएवढे ते ‘तांदूळ’, त्याहून मोठे पण कोंब न धरलेले ते ‘पांढरे’, आणि तांबड्या चोंचीचे ते ‘बाण’. बाण विकावयाचे, कांहीं बियांकरितां राखावयाचे; तांदूळ आणि पांढरे पुन्हां शेजेवर घालावयाचे.

श्यू ह्यांच्या कामाचा दुसरा विषय ह्याहून कडू आहे, आणि हें आम्ही शब्दशः म्हणतों. ह्वांगल्येन नांवाची एक लहान वनस्पति दाट सावलींत वाढते. तिचा जमिनींतील खोडाचा भाग गांठाळ, आंतून पिंवळाधमक, आणि चवीला इतका कडू कीं, मुक्यानें ह्वांगल्येन खाल्लें तर तो आपलें दुःख सांगणार कोणाला, अशी चिनी लोकांत म्हण आहे. हा कडूपणा ज्या द्रव्याचा त्याला बर्बेरीन म्हणतात. आमच्या दारुहळदीचा पिंवळा रंग व कडूपणा हाही त्याचाच. अरुणाचलांतील मिशमी डोंगरांत मिळणारा, डोळ्यांच्या औषधांत घालण्याचा ममीरा हा तर ह्वांगल्येनचा सख्खा भाऊ आहे.

ह्वांगल्येनची लागवड चीनमध्यें फार जुनी, तेव्हां येथें कोडें निराळें होतें. लावावें कसें हें लोकांना ठाऊक होतें, पण लावण्यापायीं रान जात होतें. ऊन सोसत नाहीं म्हणून सबंध शेतावर लांकडी खांबांचे व फांद्यांचे मांडव घालीत. पीक तयार होण्यास लावणीनंतर पांच-एक वर्षें लागतात. तोंपर्यंत मांडव उभा ठेवावा लागे, मोडला तर नवें लांकूड तोडावें लागे. पीक काढल्यावर त्याच जमिनींत तें पुन्हां नीट येत नाहीं, म्हणून पुढच्या खेपेस शेजारचें रान साफ करावयाचें, आणि तेथील झाडांचे पुन्हां खांब. उतारावरची माती पावसानें वाहून जाई तें निराळेंच. हूपै प्रांतांतील लीछ्वान येथील डोंगरांत श्यू ह्यांनीं ह्या प्रश्नावर शेतकऱ्यांबरोबर काम केलें. त्यांचें म्हणणें साधें होतें. सावलीच हवी ना? मग झाड तोडून त्याची सावली करण्याऐवजीं उभ्या झाडाची सावली कां घेऊं नये? विरळ रानांत खालच्या फांद्या छांटून ऊन-सावलीचें प्रमाण साधावयाचें व खालीं ह्वांगल्येन लावावयाचें. जेथें रान उरलें नाहीं तेथें ह्वांगल्येनबरोबरच झाडांचीं रोपें लावावयाचीं, म्हणजे पीक निघेपर्यंत तरुण रान उभें राहतें. कोठें मक्याच्या ताटांचीही सावली उपयोगीं पडली. आमच्या कोंकणांत सुपारीच्या सावलींत मिरी-वेलदोडा लावणाऱ्या बागाइतदाराला ह्यांत कांहीं अपूर्व वाटणार नाहीं. मात्र जुनी वहिवाट मोडून शेतकऱ्याच्या मनांत नवी गोष्ट भरविणें किती कठीण असतें, हें त्यालाही ठाऊक असेल.

ह्या सर्व अनुभवांचें सार श्यू ह्यांनीं १९९३ सालीं चीनमधील थ्येनमाच्या लागवडीवरील आपल्या मोठ्या ग्रंथांत घातलें. आणि २००० सालीं ग्वो ह्यांच्यासह सगळ्या संशोधनाचा मागोवा घेणारा निबंध एका वैद्यकीय मासिकांत लिहिला. ग्वो हे पुढें त्याच वाटेनें इतर औषधी आमऱ्यांच्या अळंब्यांकडे वळले. एका शास्त्रज्ञाचें काम दुसऱ्याच्या हातीं गेलें.

येथवर आलेलें सर्व गोड वाटेल, म्हणून उरलेली अडचणही सांगितली पाहिजे. थ्येनमा रानांतून खणणें थांबलें, पण ती लांकूड खाते हें कसें विसरावें? प्रत्येक पिकाला नवीं ओकाचीं लांकडें लागतात, आणि एकदां पीक घेतलेल्या जागेंत लगेच पुन्हां घेतल्यास तें फसतें, म्हणून नव्या जागेकडे वळावें लागतें. लागवड जों जों वाढते तों तों ओकाच्या रानांवर ताण पडतो. एका वनस्पतीला वांचवितांना दुसरीचा बळी जाऊं नये, म्हणून लवकर फुटणाऱ्या झाडांच्या फांद्या आळीपाळीनें तोडणें, छांटणीचें लांकूड वापरणें, अशा युक्त्या योजाव्या लागतात. ह्या प्रश्नाचें पुरतें उत्तर अद्यापि मिळालेलें नाहीं, आणि तें शोधणारे लोक आज कामाला लागलेले आहेत.

आमच्याकडे अशीच एक कथा घडली आहे, तिची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं. चीनमध्यें ‘आनंदवृक्ष’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका झाडांतून १९६६ सालीं मनरो वॉल व मनसुख वाणी ह्या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं अमेरिकेंत एक द्रव्य वेगळें काढिलें, आणि त्यापासून पुढें कर्करोगावरील औषधें निघालीं. वाणी हे मूळचे आमच्या नंदुरबारचे. तेंच द्रव्य १९७२ सालीं आमच्या सह्याद्रींत उगवणाऱ्या नरक्या नांवाच्या झाडांत सांपडलें. नरक्याला त्या दिवसापासून वैरी उत्पन्न झाले. कोंकणांतील व घाटांतील रानांतून तो चोरून तोडला गेला, पोत्यांत भरून नेला गेला. त्याच्या पाठीमागें एकादा माळी वेळेवर उभा राहिला असता तर काय झालें असतें, हा विचार मनांत येतो.

थ्येनमाकडे परत येऊं. २०१८ सालीं तिच्या सर्व जनुकांचें वाचन प्रसिद्ध झालें. प्रथिनें घडविणारीं जनुकें १८,९६९ भरलीं, आणि फुलें येणाऱ्या ज्या वनस्पतींचें असें वाचन तोंपर्यंत झालें होतें त्यांत हा आंकडा अत्यंत लहान ठरला. सूर्यप्रकाशापासून अन्न करण्यास लागणारीं पुष्कळशीं जनुकें तिनें टाकूनच दिलीं आहेत. ज्याला दाया मिळाल्या त्याला स्वयंपाक शिकण्याची गरज काय! २०२१ च्या चिनी यादींत रानांतील थ्येनमाला दुसऱ्या वर्गाचें संरक्षण मिळालें. २०२३ सालीं अन्न आणि औषध ह्या दोन्ही नात्यांनीं जीं द्रव्यें वापरण्यास तेथील सरकारनें परवानगी दिली त्यांत थ्येनमाही आहे, आणि बाजारांतील माल आतां बहुतेक सारा लागवडीचाच असतो.

युन्नान, ग्वेइजौ, हूपै, शेन्शी ह्या प्रांतांतील डोंगरांत हिंवाळा पडला कीं खड्डे उघडण्यास सुरुवात होते. लांकडें एकेक करून उचलतात, खालचा काळा दोऱ्यांचा गुंता बाजूस सारतात, आणि बोटांनीं माती चांचपून कंद काढतात, कारण कुदळीची धार लागली तर माल डागतो. चोंचीचे मोठे कंद एका टोपलींत जातात. ते धुऊन, वाफवून, मंद आंचेवर वाळवावयाचे असतात. लहान कंद दुसऱ्या टोपलींत ओल्या पाल्यांत ठेवून त्याच दिवशीं नव्या शेजेकडे नेतात.